स्टेट की इस्टेट? सातपुड्यातल्या सहा मेवासी घराण्यांचे कागद कसे शोधावेत

प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकुव्याकडच्या एका ‘संस्थाना’चा इंग्रजी अमदानीतला इतिहास लिहायचा आहे. गॅझेटियर वाचून झालं, घरात मोडी कागदांचं एक गाठोडं आहे. पण १९४७-४८च्या विलीनीकरणाच्या याद्यांत संस्थानाचं नावच नाही आणि सामीलनामाही (राजानं भारतात सामील होताना करून दिलेला करार) कुठे मिळत नाही. तो गहाळ झाला की कुणी दाबून ठेवला?

दोन्ही नाही. तो कागद कधी तयारच झाला नाही. सामीलनामा करायचा तो इंग्रजी मुलखाबाहेरच्या राजानं. शेजारच्या राजपीपळ्यानं केला, बडोद्यानं केला. घाट ओलांडून सुरगाण्याकडे गेलात तर तिथलंही विलीनीकरण १९४८ सालचं. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली आणि नवलपूर ही सहा ठिकाणं मात्र कायद्याच्या भाषेत खानदेश जिल्ह्यातली ‘मेवासी सरदारांची गावं’ होती. म्हणजे इंग्रजी मुलखातलीच, पण नेहमीच्या कायद्याच्या कुंपणाबाहेर ठेवलेली. ‘मेवासी’ म्हणजे सहजी सारा न देणारा, हाताबाहेरचा; शब्दाबद्दल पुढे येईलच. जुने इंग्रजी कागद कधी ‘स्टेट’ लिहितात, कधी ‘इस्टेट’. या एका ‘इ’वर तुमचा सगळा शोध अवलंबून आहे. ‘स्टेट’ समजून नुसती संस्थानी खात्याची कपाटं उघडत बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही. ‘इस्टेट’ समजून शोधलंत तर महसूल खात्याच्या दप्तरात रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सापडतील.

याला आधार काय, तर चार कागद. चौघांच्या नकला आधी मिळवा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिला १८७४चा शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स ॲक्ट. त्याच्या मुंबई इलाख्याच्या परिशिष्टात सिंध, एडन, पंचमहाल यांच्या रांगेत हे सहा सरदार बसवले आहेत. दुसरा १९३६चा ‘अंशतः वर्जित क्षेत्रां’चा आदेश. त्यात पश्चिम खानदेशातले शहादा, नंदुरबार, तळोदा हे तालुके, नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि त्याशिवाय या सहा जणांची गावं आहेत. अंशतः वर्जित क्षेत्र ही प्रांताच्या आतलीच गोष्ट असते, संस्थानाला ती लागू होत नाही. ‘संस्थान होतं का’ या वादाचा निकाल या एका कागदानं लागतो. तिसरा १९५०चा अनुसूचित क्षेत्रांचा राष्ट्रपतींचा आदेश. त्यातही तीच सहा नावं जवळपास शब्दशः उतरली आहेत. चौथा आणि सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे पश्चिम खानदेश मेवासी इस्टेट (मालकी हक्क नाहीसे करणे इत्यादी) विनियम, १९६१, म्हणजेच १९६२चा महाराष्ट्र विनियम क्रमांक १. तुम्ही जो ‘शेवटचा कागद’ शोधताय तो हा. तो अधिनियम नसून विनियम का आहे, हेही ध्यानात घ्या. पाचव्या अनुसूचीतल्या भागासाठी राज्यपालांना विनियम काढता येतो, म्हणून हा त्या वाटेनं आला. थोडक्यात, बाकीची संस्थानं राजकीय करारानं संपली आणि हे मेवास जमीन-महसुलाच्या कायद्यानं, तेही चौदा-पंधरा वर्षं उशिरा.

या याद्यांत एक गंमत आहे. त्यांत गावांची नावं नाहीत, माणसांचे किताब आहेत: काठीचा पाडवी, नालचा पाडवी, सिंगपूरचा पाडवी, गव्हाळीचा वळवी, चिखलीचा वसावा, नवलपूरचा पाडवी. कायदा म्हणतो ‘यांची गावं’, पण ती कोणती हे सांगत नाही. इंग्रजी छापील मजकुरात पाडवीचं ‘पारवी’ झालंय, कारण ‘ड’ला ते ‘आर’ लावत. गव्हाळीचं ‘गाओहाली’ झालं. मेवासचं तर मेहवास, मेवस्सी, मेहवस्सी असं काहीही. सूचीत शोधताना एका नावाच्या चार-पाच स्पेलिंगांची चिठ्ठी आधी करून ठेवा, नाहीतर दिवस वाया जातो.

नावांचे आणखी तीन चकवे आहेत. ‘काठी’ शोधलंत की सौराष्ट्रातले काठी दरबार समोर येतात. त्यांचा यांच्याशी संबंध नाही. जुन्या जमीनमोजणीत तर ‘काठी’ हे मापच आहे, त्यामुळे ‘काठी २०’ दिसलं की संस्थानाची वीस गावं म्हणून आनंदू नका. ‘चिखली’ बुलढाण्यात आहे, नवसारीकडे आहे, आणखी कुठे कुठे आहे. आणि ‘मेवास’ हा शब्द खुद्द खानदेशापुरता नाही. गुजरातेतल्या नर्मदाकाठच्या रेवाकांठ्यात संखेडा मेवास होता, पांडू मेवास होता. त्या वेगळ्या एजन्सीखालच्या वेगळ्या जागा. गुजरातच्या महसुली भाषेत सुखासुखी सारा भरणारी ती ‘रास्ती’ गावं आणि फौज पाठवल्याशिवाय दमडी न देणारी ती ‘मेवासी’. शब्दाचं मूळ महीकाठच्या वास्तव्यात सांगतात. ते खरं असो-नसो, १८१८च्या सुमारास कारकुनाच्या लेखणीत त्याचा अर्थ ‘हाताबाहेरचा’ एवढाच होता. अक्राणीही मेवासात घालू नका. ती वर सांगितलेल्या आदेशात महाल म्हणून स्वतंत्र येते.

आता इंग्रज इथे आले कसे. ६ जानेवारी १८१८ला मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला मुलूख सोडला. खानदेशातलं त्यांचं बरंचसं क्षेत्र त्यात आलं. २७ फेब्रुवारीला थाळनेरच्या किल्ल्यावर इंग्रज सेनापती हिस्लॉपनं शिबंदी कापली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिलं. मालेगावच्या अरबांनी जूनपर्यंत किल्ला झुंजवला. पेशव्यांचा वाटाही त्याच वर्षी कंपनीकडे आला. कॅप्टन ब्रिग्ज खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट झाला आणि धुळं हे ठाणं झालं. मैदानातला खानदेश असा पाच-सहा महिन्यांत हाती आला. डोंगरातला आला नाही. १८०३-०४चा दुष्काळ आणि त्याआधीची लुटालूट यांनी गावं ओस पडली होती. वाटा राखून पोट भरणारे भिल्ल नाईक त्या वाटांवरच उतरले होते.

इथून पुढचं इंग्रजी दप्तर ‘बंड’, ‘लूट’, ‘टोळी’ या शब्दांनी भरलेलं आहे आणि इतिहास लिहिणारे बहुतेक जण याच ठिकाणी घसरतात. डोंगरातल्या सरदाराला पायथ्याच्या गावांवर गिरास होता. गाव लुटायचं नाही, लुटू द्यायचं नाही, याबद्दल गावानं सालीना द्यायचा तो हक्क. तो पाटलाकडून थेट वसूल व्हायचा. वसूल थकला की सरदाराची माणसं खाली उतरायची. पाटलाच्या दृष्टीनं हा हक्काचा तगादा, मामलेदाराच्या दृष्टीनं धाड. म्हणून कुठल्याही ‘धाडी’चा इंग्रजी रिपोर्ट एकटा वाचायचा नाही. त्याच सालचा, त्याच गावाचा मराठी हिशेब काढायचा आणि ‘गिरास बाकी’ किंवा ‘हक्क नाईकवाडी’ अशी काही रक्कम तटली होती का ते पाहायचं. एकीकडे बाकी आणि दुसरीकडे धाड अशी जोडी जमली की घटनेचा अर्थच पालटतो. जोडी जमली नाही तर मात्र ओढूनताणून हक्काची लढाई करू नका. निव्वळ लूटही होत असे.

इंग्रजांनी यावर उपाय काढला तो पैशाचा. हक्क बुडवला नाही, फक्त देणारा बदलला. गावानं सरदाराला द्यायचं ते आता सरकारी खजिन्यातून रोख मिळायचं, ठरल्या हप्त्यानं, कचेरीत येऊन. वरून पाहता सरदाराचा फायदाच होता, वसुलीची यातायात संपली. पण खजिन्यातून घेतो तो पेन्शनर. गैरवर्तन झालं की हप्ता बंद. गावाशी असलेला थेट धागा तुटला आणि हक्काचं अनुदान झालं. माझ्या मते मेवासाच्या इतिहासातला सर्वांत मोठा पालट हाच आहे. तो कुठल्याही तहात लिहिलेला नाही, खजिन्याच्या पावत्यांत लिहिलेला आहे. तुमच्या गाठोड्यात ‘पावती’, ‘कबज’, ‘रुपये पावले’ अशा किरकोळ वाटणाऱ्या चिठ्ठ्या असतील तर त्या सनदेइतक्याच मोलाच्या समजा.

दुसरा हात होता लष्करी. १८२५ साली खानदेशात तीन भिल्ल एजन्सी उभ्या केल्या. वायव्येची नंदुरबार-सुलतानपूरकडे, ईशान्येची आउटराम या इंग्रज अधिकाऱ्याकडे आणि दक्षिणेची ओव्हन्स या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे कन्नडला. ओव्हन्सनं तगाई, बैल, औतं देऊन भिल्लांना शेतीवर बसवलं. आउटरामनं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, म्हणजे भिल्लांना आवरायला भिल्लच. १८३०ची शेजारच्या डांगवरची (आज गुजरातेत) मोहीमही आउटरामनंच चालवली. पलटणीवर लिहिलेलं पुष्कळ आहे, त्यात फार रमू नका. तुमच्या कामाचा प्रश्न एवढाच, की तुमच्या सरदारानं माणसं दिली का, आणि दिली तर त्याबद्दल काय सूट पदरात पाडून घेतली.

तिसरी गोष्ट जंगल. डांगच्या भिल्ल राजांशी कंपनीनं १८४२ साली जंगलाचा ठेका केला. मुंबईच्या गोदीला साग हवा होता. त्या वेळी डांगचा कारभार खानदेशच्या कलेक्टरकडेच होता, म्हणून तो ठेका वाचून ठेवणं उपयोगी. ठरावीक सालीना रक्कम, त्या बदल्यात लाकूड तोडायची आणि नाकी बसवायची मुभा, असा त्याचा साचा. मेवासाच्या जंगलाचा कागद मिळाला तर त्यात चार गोष्टी तपासा: मुदत आहे की कायम, रक्कम ठोक आहे की नगावर, रयतेचं घरगुती लाकूड, मोहू, डिंक, चारा यांची सूट लिहिली आहे का, आणि जंगलातल्या जमिनीवरचा वसूल कुणाचा. बहुतेक भांडणं चौथ्या कलमातून निघतात. लाकूड ठेक्यानं दिलं म्हणजे जमीन दिली असं सरदाराला कधी वाटलं नव्हतं. जंगल खात्याला मात्र तसंच वाटत गेलं. डांगच्या राजांचा पुढचा फरकही उद्बोधक आहे. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, पण डांगच्या राजांचं मानधन आजही होळीआधी आहव्याच्या डांग दरबारात दिलं जातं. कारण ते तनखा कधी नव्हतंच.

मग सरदाराकडे उरलं काय? सारा गोळा करणं, तोही बिघ्यावर कमी आणि औतावर जास्त. गावातल्या तंट्यांचा निवाडा. दसरा-होळीचा मान. वारसाला कलेक्टरची मंजुरी लागायची आणि वारस अज्ञान असला की कारभारी सरकारचा बसायचा. अशा ‘अज्ञान’ वर्षांचे कागद जरूर शोधा. सरदार स्वतः कारभार पाहत असताना हिशेब तोंडी असतो, सरकारी कारभारी आला की तो पै-पैचं टिपण ठेवतो. एका अज्ञान वारसाच्या पाच-सात वर्षांत जेवढी माहिती मिळते तेवढी उरलेल्या पन्नास वर्षांतही मिळत नाही.

कागद सापडल्यावर पहिली चूक होते ती तारखेत. मराठी दप्तरात निदान पाच कालगणना एकमेकींत मिसळलेल्या असतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतची नोंद असेल तर ७९. दक्षिणी फसलीत ५९० मिळवायचे, पण फसली साल मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतं. म्हणून जानेवारी ते मे अखेरच्या नोंदीला ५९१. ‘फसली १२५०, माघ’ म्हणजे १८४० नव्हे, १८४१. शुहूर सन, ज्याला कागदात अरबी सन म्हणतात, तोही मृगालाच लागतो. त्यात ५९९ मिळवा, जूनपूर्वीच्या नोंदीला ६००. शुहूर आणि फसलीत नेहमी ९चा फरक, हा ताळा कायम हाताशी ठेवा. शुहूर आकड्यात नसतो, अरबी शब्दांत असतो आणि उलटा वाचायचा असतो: समान ८, अशर १०, मयातैन २००, अलफ १०००, म्हणून ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे १२१८, इसवी १८१७-१८.

तारखेच्या जागी ‘छ’ दिसेल. तो चंद्राचा ‘छ’, त्यापुढचा आकडा आणि महिना मुसलमानी. ‘छ ५ मोहरम, सन समान अशर मयातैन व अलफ’ असं असलं तर तो कागद नोव्हेंबर १८१७च्या मध्याचा, खडकीची लढाई होऊन दहाएक दिवसांनंतरचा. हिजरी साल चांद्र असल्यामुळे दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकतं, म्हणून इथे नुसती बेरीज चालत नाही, जंत्रीच उघडावी लागते. पाचवी कालगणना विक्रम संवत. कुकरमुंडा-तळोद्याकडच्या गुजराती सावकारांच्या वह्यांत तो कार्तिकात बदलतो, उत्तरेकडून आलेल्या कागदांत चैत्रात. ‘संवत १९०० चैत्र’ सावकाराच्या वहीत असेल तर १८४४, दुसरीकडे असेल तर १८४३. एका वर्षाची ही चूक वारसाच्या भांडणात बाप आधी मेला की मुलगा, एवढा घोळ घालू शकते. शिवाय त्या वह्यांची लिपी शिरोरेघ नसलेली वाणियाशाई, मोडी वाचणाऱ्याला ती येईलच असं नाही. वेगळा माणूस गाठा.

पैशाच्या बाबतीत १८३५ ही रेघ. त्या साली कंपनीचा एकसारखा रुपया आला. त्याआधी चांदवडी, सुरती असे अनेक रुपये चालत आणि एकाचा दुसऱ्यात बट्टा कापला जाई. १८२०च्या पावतीतले शंभर आणि १८५०च्या पावतीतले शंभर थेट ताडून ‘हक्क तेवढाच राहिला’ असं लिहू नका. आधी कोणता रुपया ते पाहा. पुढे आणे-पैचा हिशेब सोपा: १६ आणे, १९२ पै. मोडीत आण्यांच्या उभ्या-आडव्या रेघा वाचताना नवशिका हमखास चार आणे आणि एक आणा यांत घोळ करतो. बेरीज स्वतः मांडून तळाच्या एकूण रकमेशी जुळते का बघा, लगेच कळतं. जमिनीत २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. एकर-गुंठे दिसले की कागद मोजणी खात्याच्या वळणाचा, म्हणजे उशिराचा.

कुठे शोधायचं तेही जिल्ह्याच्या नावावर ठरतं. १९०६ पूर्वी सूचीत ‘खानदेश’, त्यानंतर ‘पश्चिम खानदेश’, १९६० नंतर ‘धुळे’, १ जुलै १९९८ नंतर ‘नंदुरबार’. त्यात १ मे १९६०ला नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या बाजूची १५६ गावं गुजरातेत गेली, कुकरमुंडा त्यांतलंच. तुमच्या सरदाराची दोन-चार गावं त्यात असतील तर त्यांचे कागद सुरतेच्या बाजूला पाहा.

सुरुवात धुळ्यापासून करा. राजवाडे संशोधन मंडळात मराठी कागद आणि खानदेशावरची जुनी पुस्तकं एका छताखाली आहेत. तिथे मोडी वाचणाऱ्यांची गाठही पडते. मग पुण्याचं पुराभिलेखागार, पेशवे दप्तरासाठी. १८१८च्या आधी तुमच्या घराण्याचं नाव सरकारी कागदात आहे का, याचं उत्तर तिथे आहे. तिथे रुमाल मागवताना विषय सांगून उपयोग नाही, परगणा सांगा: सुलतानपूर, नंदुरबार, कुकरमुंडा. मुंबईच्या पुराभिलेखागारात इंग्रजी खंड खात्याप्रमाणे आणि सालाप्रमाणे लावलेले आहेत. एकाच सालचे पोलिटिकल आणि रेव्हेन्यू असे दोन्ही काढा. सरदाराच्या वागणुकीची चर्चा पोलिटिकलमध्ये असते, पैशाची रेव्हेन्यूत, आणि दोन्हींचा सूर बऱ्याचदा एकमेकांशी जुळत नाही. १८८०च्या मुंबई गॅझेटियरचा खानदेशाचा बारावा खंड तुम्ही वाचलाच आहे. त्यातल्या रकमा आणि गावांची संख्या त्या सालापुरती खरी माना. त्याआधीच्या वंशकथा तिथे ऐकीव माहितीवर आल्या आहेत. भाटाच्या वहीतली वंशावळही तशीच. एखाद्या रजपूत घराण्याशी जोड दाखवलेली असली तर ती कुणी, कधी आणि कोणत्या वारसाच्या वेळी लिहून घेतली, हे पाहिल्याशिवाय छापू नका.

शेवटचा टप्पा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधला, आणि मेवासाच्या बाबतीत तोच बहुधा वगळला जातो. १९६२च्या विनियमानं मालकी हक्क संपले तेव्हा गावोगाव फेरफार पडले. सातबाऱ्यावरून मागे जायचं: आजच्या उताऱ्यावरचे फेरफार क्रमांक लिहून घ्या, गाव नमुना ६ काढा, आणि ज्या नोंदीत विनियमाचा हवाला आहे तिथपर्यंत उतरा. त्या नोंदीआधी जमीन कुणाच्या नावे, नंतर कुणाच्या, हे दोन रकाने उतरवले की गाव त्या सहांपैकी कुणाचं होतं ते ठरतं. १९७०च्या पुढचे उतारे काढून ‘संस्थानाचा उल्लेख नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. तो उल्लेख तोवर कंसात, म्हणजे रद्द नोंदींत, गेलेला असतो. नर्मदाकाठच्या डोंगरी गावांत मोजणीच उशिरा झाली, तिथे जुना उतारा मिळणार नाही. तिथे वनखात्याचा दावा आणि ताब्याचा पंचनामा हेच पुरावे.

आणि गावांची यादी? ती कागदाबाहेरही आहे. काठीची राजवाडी होळी पाहा. दरवर्षी वर्तमानपत्रांत तिचं साल १२४६ छापून येतं. त्याला ‘परंपरा सांगते’ यापलीकडे किंमत देऊ नका. पण होळीची रीत नीट टिपा. होळीचा लांबलचक बांबू कोणत्या जंगलातून येतो, तो आणायचा मान कुणाचा, खड्डा अवजाराशिवाय हातानं कोण उकरतं, पहिली पूजा कुणाची, पहाटे आग कोण लावतं, कोणत्या गावचे बुध्या, बावा, मोरखी (होळीत नाचणारी सोंगं) येतात आणि कोणत्या क्रमानं. गावांचा हा क्रम दोन-तीन वेगवेगळ्या कारभाऱ्यांकडून, एकमेकांच्या गैरहजेरीत विचारून घ्या. कायद्यानं जी यादी दिली नाही तिचा कच्चा आराखडा इथे मिळतो. मग त्यातलं एकेक गाव फेरफाराशी ताडायचं. जुळलं ते पक्कं, न जुळलेलं पेन्सिलीनं लिहायचं. मानाची सगळी गावं महसुलाची असतीलच असं नाही. देवमोगऱ्याच्या देवीच्या जत्रेला तर सातपुड्याच्या दोन्ही अंगांची गावं जातात, म्हणून ती काही एका सरदाराची होत नाहीत.

आता तुमचं गाठोडं. ते सोडण्यापूर्वी बांधलेल्या स्थितीत एक फोटो काढा, कारण कागदांचा क्रम हाही पुरावा आहे. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, डिंक नको. घडीवर चिरलेला कागद जोर लावून उलगडू नका, पावसाळ्यातला दमट दिवस गाठलात तर तो स्वतःच सैल पडतो. प्रत्येक कागदाला पेन्सिलीनं, कोपऱ्यात, बारीक क्रमांक द्या. फोटोत शेजारी पट्टी ठेवा आणि पाठपोट दोन्ही बाजू घ्या. मोडी पत्राची पाठ कोरी वाटते, पण ‘पैवस्ती’चा शेरा, म्हणजे पत्र कधी पोचलं ती तारीख, पुष्कळदा मजकुरापासून दूर अशी तिथेच असते. लांब कागद दोन-तीन बंद (कागदाचे तुकडे) चिकटवून केलेला असेल तर सांध्यावर नीट पाहा. खऱ्या सरकारी कागदाच्या सांध्यावर शिक्का किंवा कारकुनाची खूण दोन्ही बंदांवर निम्मी निम्मी पडलेली असते. ती अर्धीच असेल किंवा दोन्ही अर्ध्या एकमेकींशी जुळत नसतील, तर वरचा मजकूर एका कागदाचा आणि खालची सही दुसऱ्याची आहे.